गाठीचा तुकडा कोण वाचतो?

परळच्या टाटा इस्पितळात जाऊन आलेल्या गोव्यातल्या कुटुंबांच्या कागदांवर एक पत्ता हमखास सापडतो: डॉ. अर्नेस्ट बोर्जिस मार्ग. हे बोर्जिस गोमंतकीय, टाटाचे नामवंत कॅन्सर सर्जन. सर्जनच्या नावाने रस्ता झाला हे योग्यच. पण किती कापायचं, पुढे केमो द्यायची की नाही, हे ज्याच्या अहवालावर ठरतं तो पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा डॉक्टर, रुग्णाला सहसा दिसतही नाही.

डॉ. वसंत रामजी खानोलकर हे असेच पॅथॉलॉजिस्ट. टाटा इस्पितळ १९४१ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून तिथली प्रयोगशाळा त्यांच्याकडे होती. तुकड्यात कॅन्सर आहे की नाही एवढं सांगून ते थांबले नाहीत. गाठ नेमकी तिथेच का, हेही विचारलं. चुना मळलेली तंबाखू खालच्या ओठामागे धरणाऱ्यांना तिथेच गाठ. आंध्र किनाऱ्यावर चुट्ट्याचं, म्हणजे गावठी चिरुटाचं, पेटतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना टाळूला. धोतर कमरेला वर्षानुवर्षं करकचून बांधणाऱ्यांना कमरेवरच्या त्वचेला. सहकारी सूर्याबाईंसह त्यांनी १९४५ मध्ये हे निबंधातून मांडलं. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाइतकंच रुग्णाच्या सवयींची विचारपूस करणंही लागलं.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कमल रणदिवे तर वैद्यकीय डॉक्टरही नव्हत्या. सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींवर त्यांनी एमएस्सी केलं होतं. पुढे मुंबईत त्यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली. ‘नीट’मध्ये गुण कमी पडले म्हणून कॅन्सरचा नाद सोडणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

वैद्यकीय वाट मात्र लांबच. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), म्हणजे १८४२ च्या पोर्तुगीजकालीन वैद्यक शाळेच्या आजच्या वारसदार संस्थेत, एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं. मग एमडी किंवा एमएस तीन वर्षं, त्यावर कॅन्सरची डीएम किंवा एमसीएच आणखी तीन. तिशी इथेच गाठली. रेडिएशनवाल्यांचं एमडीवर भागतं.

एवढं शिकून संशोधनाला वेळ कुठून काढायचा? टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी तो काढला. शस्त्रक्रियेत गाठ हाताळली जाते तेव्हा काही पेशी निसटून पसरत असतील, अशी शंका होती. म्हणून स्तनाच्या कॅन्सरच्या निम्म्या रुग्णांना गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं तिच्याभोवती लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध टोचलं. हो, दात काढताना देतात तेच. कुणाला टोचायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडलं, म्हणजे डॉक्टरच्या कलाचा प्रश्न उरला नाही. सुमारे १,६०० रुग्ण आणि बारा वर्षांच्या आसपासचं काम. निकाल २०२३ मध्ये छापून आला. पाच वर्षांनी हयात असलेल्या रुग्णांचं प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत ९०.१ टक्के, न घेतलेल्यांत ८६.४.

लिग्नोकेनचं पेटंट कधीच संपलंय. त्याच्या चाचणीवर एखादी औषध कंपनी बारा वर्षं खर्च करेल, असं मला वाटत नाही. असले प्रश्न सरकारी पगारावरच्या डॉक्टरांनाच हाती घ्यावे लागतात, सकाळची ओपीडी उरकून.