हिवाळी चाकांना दाबाचे सेन्सर हवेतच का?

कॅनडातील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात मोटारीला हिवाळी टायर असणे कायद्याने बंधनकारक आहे. दर हंगामाला रिमवरचे टायर उतरवून दुसरे चढवण्यापेक्षा अनेक जण चार जादा रिमांवर हिवाळी टायर कायमचे बसवून ठेवतात आणि थंडी पडू लागली की अख्खी चाकेच बदलतात. गाडीबरोबर आलेले दाबाचे सेन्सर मात्र उन्हाळी रिमांच्या आत, व्हॉल्व्हला जोडलेलेच राहतात. दुसऱ्या संचासाठी आणखी चार सेन्सर घ्यावेत की सेन्सर न सापडल्याने लागणारा डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा चार महिने तसाच जळू द्यावा, हा प्रश्न तेथे नव्याने स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेही पहिल्याच हिवाळ्यात उभा राहतो.

उत्तराची सुरुवात कायद्यापासून नव्हे, तर वायूच्या गुणधर्मापासून करावी लागते. बंदिस्त वायूचे आकारमान कायम असेल, तर त्याचा निरपेक्ष दाब निरपेक्ष (केल्विनमधील) तापमानाच्या प्रमाणात बदलतो. टायरमध्ये २० अंश सेल्सिअसला ३३ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) हवा भरली, असे समजू. हवेचा दाब मोजणारे गेज वातावरणाचा दाब वगळून आकडा दाखवते, त्यामुळे निरपेक्ष दाब सुमारे ४७.७ पीएसआय होतो. तापमान उणे २० अंशांवर गेले, की तो सुमारे ४१.२ वर येतो आणि गेजवर साधारण २६.५ पीएसआय दिसतात. कुठेही गळती नसताना टायरने आपला जवळजवळ पाचवा हिस्सा दाब गमावलेला असतो. उणे ३० अंशांना, म्हणजे कॅनडातील विनिपेगसारख्या शहरातील एखाद्या कडक पहाटे, हा आकडा २५च्याही किंचित खाली घसरतो. उबदार गॅरेजमध्ये हवा तपासून निर्धास्त झालेला माणूस रस्त्यावर येतो, तेव्हा बाहेरची थंडी त्याच्या मोजमापावर पाणी फिरवते.

बर्फावर थोडी कमी हवा बरी, असे पुष्कळ जण मानतात. खोल, भुसभुशीत बर्फातून अगदी सावकाश गाडी काढताना त्यात तथ्य असेलही. पण हिवाळ्यातले बहुतेक अंतर ओल्या किंवा साफ केलेल्या महामार्गावर कापले जाते. तेथे कमी दाबाचा टायर अधिक वाकतो, कडांवर झिजतो, इंधन जास्त खर्ची घालतो आणि वेगात आतून तापतो. अमेरिकेत टायरचा दाब घटल्याचा इशारा देणाऱ्या प्रणालीची सक्ती आली, ती याच धोक्यामुळे. २००० साली फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांपैकी बरेच फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते, आणि टायरचा थर सुटून गाड्या उलटण्याच्या अपघातांच्या चर्चेत हवेच्या कमी दाबाचा मुद्दाही पुढे आला. त्याच वर्षी झालेल्या कायद्याच्या आधारे सप्टेंबर २००७ पासून तेथील सर्व नव्या हलक्या वाहनांना ही प्रणाली अनिवार्य झाली. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ती लागू केली, आणि अशा गाड्यांमध्ये हिवाळी चाकांवरही ती चालू असावी लागते. अमेरिकेत स्वतःच्या अंगणात स्वतः चाके बदलणाऱ्या मालकाला संघीय कायदा अडवत नाही; व्यावसायिक गॅरेजला मात्र चालू असलेली सुरक्षा-यंत्रणा जाणूनबुजून निकामी करता येत नाही. कॅनडात अशी सक्ती नाही, म्हणून तेथे निर्णय ग्राहकावरच येऊन पडतो.

तो घेण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणती प्रणाली आहे, हे पाहिले पाहिजे. काही गाड्यांमध्ये चाकात सेन्सर नसतोच. हवा कमी झाली की चाकाची प्रत्यक्ष फिरतानाची त्रिज्या घटते आणि ते इतरांपेक्षा किंचित जलद फिरते, एवढ्यावरून एबीएसचे (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) वेगमापक अंदाज बांधतात. अशा गाडीला हिवाळी संचासाठी काहीच विकत घ्यावे लागत नाही. चाके बदलल्यावर योग्य दाब भरून प्रणाली रीसेट केली की झाले. तिची उणीव मात्र नेमकी थंडीतच उघडी पडते. चाकांची आपापसांत तुलना करणाऱ्या साध्या प्रणालीला चारही टायर सारखेच मऊ पडले तर फरक दिसत नाही, आणि थंडी चारही चाकांना सारखीच लागते. नव्या प्रणाली चाकाच्या कंपनांचेही विश्लेषण करून ही उणीव बरीच भरून काढतात.

थेट दाब मोजणारे सेन्सर असलेल्या गाडीसाठी हिवाळी संचातही ते बसवावेत, असे माझे मत आहे. कायमचा जळणारा दिवा निरुपद्रवी नसतो; चालकाची नजर त्याला सरावते आणि खरोखर खिळा घुसेल त्या दिवशी सांगणारे काही उरत नाही. तरीही सेन्सर म्हणजे गेजला पर्याय नव्हे. अमेरिकी मानकानुसार दाब शिफारशीपेक्षा २५ टक्के खाली गेल्यावर इशारा मिळणे आवश्यक आहे. वरच्या उदाहरणातील उणे २० अंशांचा टायर २० टक्के खाली असूनही ती मर्यादा ओलांडत नाही. शिवाय पहाटे लागलेला दिवा टायर तापल्यावर विझतो आणि सारे ठीक असल्याचा समज होतो. गाडी काही तास बाहेर उभी राहिल्यावर, थंड टायरवर, महिन्यातून एकदा गेज लावणे म्हणूनच टळत नाही.

सेन्सर घ्यायचेच असतील, तर टायर रिमवर चढवतानाच बसवून घ्यावेत, कारण नंतर त्यासाठी टायर पुन्हा उतरवावा लागतो आणि मजुरी दुप्पट होते. उत्तर अमेरिकेत बहुतेक सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर आणि युरोपात ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात, त्यामुळे एका खंडातून दुसऱ्या खंडात नेलेला संच चालेलच असे नाही. काही गाड्या नव्या सेन्सरचे क्रमांक आपोआप ओळखतात, तर काहींना दर हंगामाला गॅरेजमधील यंत्राने ते शिकवावे लागतात. अशा वेळी जुन्या सेन्सरचे क्रमांक नव्यांत उतरवून घेतले, की चाके बदलल्याचे गाडीला कळतही नाही.