जामीन सुधारणा (भारत)

जामीन सुधारणा : खटल्याचा निकाल लागण्यापूर्वी आरोपीला कोठडीत ठेवायचे की अटी घालून घरी जाऊ द्यायचे, हे ठरवणारे कायदे आणि न्यायालयीन प्रथा बदलण्याचे प्रयत्न. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे दर चारांतले तीन, कच्चे कैदी होते. सरकारी भाषेत न्यायाधीन बंदी. यांतल्या काहींना जामीन मंजूर झालेला असतो आणि तरीही ते आतच असतात. सुधारणेची खरी कसोटी त्यांच्यापाशी लागते.

आदेशात साधारणपणे ‘पंधरा हजारांचा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार’ असे लिहिलेले असते. जातमुचलका ही आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी; ती देताना पैसे भरावे लागत नाहीत. घोडे अडते ते जामीनदारापाशी. त्याने शिधापत्रिका, फोटो, पगारपत्रक किंवा सातबारा घेऊन न्यायालयात हजर व्हायचे. अनेकदा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आणायचा आणि त्याची पडताळणी होईपर्यंत थांबायचे. नाक्यावर उभे राहून मजुरी मिळवणाऱ्या माणसाच्या ओळखीतले लोकही त्याच्यासारखेच भाड्याच्या खोलीत राहणारे. गावाकडचा भाऊ सातबारा घेऊन आला तर त्याची रोजंदारी बुडते, गाडीभाडे वेगळे, आणि एवढे करून जमीन दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला परत पाठवले जाऊ शकते. बनावट कागदांवर पैसे घेऊन उभे राहणाऱ्या भाडोत्री जामीनदारांचा धंदा याच अडचणीवर पोसला गेला. मुंबईत न्यायालये काही आठवड्यांपुरता रोख जामीन मान्य करतात, तो मोठा दिलासा ठरतो; पण रोख रक्कम तरी कुठून आणायची, हा प्रश्न उरतोच.

हे दुखणे न्यायालयाच्या नजरेस फार पूर्वीच आले होते. मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्याची हमी नाकारली. १९७८ मध्ये न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी ही अट रद्द करून एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याची सुटका केली. पुढच्याच वर्षी अॅड. कपिला हिंगोरानी यांनी आणलेल्या हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधील असे कैदी समोर आले, की आरोप सिद्ध झाला असता तरी झाली नसती एवढी कैद त्यांनी खटल्याविनाच भोगली होती. जलद खटला हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्या. पी. एन. भगवती यांच्या पीठाने त्यात सांगितले.

कायद्यात याचे पडसाद उमटायला पाव शतक लागले. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने कलम ४३६अ आले : कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्यांसाठी हा काळ एक तृतीयांशावर आणला आणि न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली. जुन्या खटल्यांतील कैद्यांनाही हा लाभ द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. पण याच कलमाने एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांना वगळले, आणि पूर्वी फक्त फाशीच्या गुन्ह्यांपुरता असलेला अपवाद जन्मठेपेच्या गुन्ह्यांपर्यंत वाढवला. ही पीछेहाट आहे. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, अमली पदार्थविरोधी कायदा, महाराष्ट्राचा १९९९ चा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा ‘मकोका’ यांतील जामिनाच्या कडक अटीही तशाच राहिल्या. यांतल्या पहिल्या कायद्याखाली अटक झालेले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत न्यायालयीन कोठडीत असताना वारले, तेव्हा उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाची सुनावणी चालू होती.

मंजुरी आणि सुटका यांतील अंतर मिटवण्याचे उपाय त्या मानाने नवे. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाबाहेर जामीन आदेश टाकण्याची पेटी आहे. ती उघडण्याची वेळ टळली की माणसाला आणखी एक रात्र आत काढावी लागत असे. आदेशाची प्रत ईमेलने अधीक्षकामार्फत कैद्याला त्याच किंवा दुसऱ्या दिवशी मिळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितले. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अटी सैल करायच्या का, हे न्यायालय आपणहून तपासू शकते. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत मदतीची योजना आणली. कैद्याचे घर शोधणे, नातेवाइकांना निरोप पोचवणे, कागद गोळा करणे ही कामे मात्र माणसांनाच करावी लागतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाचे समाजकार्यकर्ते १९९० पासून ती करत आले आहेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असा एक आरोपी आला, की त्याला १३ गुन्ह्यांत जामीन मिळाला होता, पण प्रत्येकासाठी वेगळे जामीनदार मिळत नव्हते. जामीनदार म्हणून उभा राहतो तो बहुधा जवळचा नातलग किंवा जुना मित्र, आणि फौजदारी खटला मागे लागला की ते वर्तुळही आक्रसते, अशी नोंद करून न्यायालयाने एका राज्यातील त्याच्या सर्व गुन्ह्यांना तेच जामीनदार चालतील, असा आदेश दिला.