प्राण्यांच्या पुलावर आधी तणच का माजतं?

कॅलिफोर्नियात लिबर्टी कॅन्यनजवळ दहा लेनच्या हायवेवर प्राण्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून पूल बांधतायत, 2022 ला काम सुरू झालं. अशा पुलांचे फोटो बघून हमखास कुणीतरी म्हणतं, एवढा खर्च केला आणि वर नुसती माती नि खुरटी झुडपं, जंगल कुठाय? अहो, जंगल लगेच येत नसतं. सुरुवातीला तणच माजतं, आणि त्यात बहुतेक वेळा कुणाचा हलगर्जीपणा नसतो.

पुलावर टाकलेल्या मातीत आधीपासून हजारो बिया झोपलेल्या असतात. किती वर्षं झोपू शकतात? बील नावाच्या अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञाने 1879 मध्ये बिया बाटल्यांत भरून पुरल्या, त्यातली एक बाटली 2021 मध्ये काढली तर 142 वर्षांनी त्यातल्या काही चक्क उगवल्या!

आता खरी गंमत. बऱ्याच बारीक बियांमध्ये फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं, ते म्हणजे उजेडावर चालणारं बटण. साधारण 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश पडला की ते चालू होतं आणि बी उगवायला लागते, 730 च्या आसपासचा अतिलाल, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा प्रकाश पडला की बंद. पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश खाऊन टाकतं पण अतिलाल बराचसा खाली सोडतं, म्हणजे डोक्यावर झाड असेल तर बीला मिळणाऱ्या उजेडात अतिलालच जास्त, मग ती ओळखते की वर गर्दी आहे, आत्ता उगवण्यात अर्थ नाही. माती खणून, ट्रकमधून आणून पसरताना बिया क्षणभर उघड्या पडल्या तरी कित्येकींना तेवढं पुरतं. म्हणून पहिल्या पावसानंतर एकवर्षायू तणांची झुंबड. पुढे बहुवर्षायू गवतं, झुडपं वाढली, सावली पडली, की खालच्या बिया परत गप्प.

तरी पूल शेजारच्या जंगलासारखा हुबेहूब होईलच असं नाही. खाली काँक्रीट, माती उथळ, भूजल नाही, त्यामुळे ती लवकर वाळते आणि खोल मुळांच्या मोठ्या झाडांचे हाल होतात.

शिवाय ज्यांच्यासाठी पूल बांधला ते प्राणीही लुडबुड करतात, केसांत अडकून, शेणातून नव्या बिया आणतात आणि रोजच्या वाटेवर खुरांनी माती उकरतात. तिथे ऊन पुन्हा थेट मातीवर पडतं, त्यामुळे बाकी पुलावर झुडपं दाटली तरी वाटेच्या कडेला पहिल्या वर्षाचं तण टिकून राहू शकतं.