हॉर्न वाजतो म्हणजे बॅटरी ठीक?

"हॉर्न वाजतोय, लाइट लागतोय, म्हणजे बॅटरी चांगली आहे, स्टार्टरच गेला." गाडी सुरू होत नसली की हा सल्ला हमखास मिळतो. ऐकायला पटतो, पण पुरता खरा नाही.

हॉर्नला जेमतेम 5 ते 10 अँपिअर करंट लागतो. स्टार्टरला, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला, मात्र एका झटक्यात 100 ते 200. थकलेली बॅटरी पहिलं काम सहज करते, दुसऱ्याला मान टाकते.

घरीच बघा. हेडलाइट लावून चावी फिरवा. उजेड एकदम मंदावला, नुसतं टकटक वाजलं, तर दोष बहुधा बॅटरीत किंवा टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरवट थरात. उजेड तसाच राहिला आणि मोटर गप्प, तर मात्र स्टार्टर किंवा त्याच्या वायरिंगवर संशय रास्त. व्होल्टेज मोजायचा मल्टीमीटर असेल तर फारच उत्तम: चांगली बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, सेल्फ मारताना साधारण 10 च्या वर.

नागपूरकरांनी हे जास्तच लक्षात घ्यावं. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, त्या उष्णतेत बॅटरी आतून झिजते. गाडी अडते ती कधीकधी थेट डिसेंबरच्या पहाटे, कारण थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं आणि स्टार्टरला जास्त जोर लागतो.