पार्श्वभूमी : सहावा विषय गेला कुठे?

दहावीचा निकाल लागला की ठाण्यात गोखले रोडपासून राम मारुती रोडपर्यंत क्लासवाल्यांचे फ्लेक्स झळकतात. प्रत्येक चेहऱ्याखाली टक्के, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत. क्लासमधून एकूण किती मुलं परीक्षेला बसली, हा छेद मात्र फ्लेक्सवर कधी मावत नाही. आणि ९२.४० मधलं शेवटचं शून्य निव्वळ शोभेचं असतं, कारण गुण ५०० पैकी असले की टक्के ०.२० च्याच पायरीने सरकतात. ९० ते १०० या सगळ्या अंतरात मिळून पायऱ्या फक्त ५१. अकरावीच्या कटऑफची मारामारी या ५१ पायऱ्यांवर चालते. विषय सहा असताना गुण ५०० पैकी कसे, हा प्रश्न हल्लीच्या मुलांना पडत नाही. त्यांच्या आईबापांनाही आता पडेनासा झालाय. पण २०१० साली याच प्रश्नावरून, म्हणजे सहापैकी सर्वांत चांगले पाच विषय धरणाऱ्या ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’वरून, प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. पेपर तपासणाऱ्याचा हात हलतो हे फार जुनं ज्ञान आहे. १८८८ साली एका अर्थशास्त्रज्ञाने परीक्षेच्या गुणांना खगोलशास्त्रातला त्रुटीचा सिद्धांत लावला. अनेक जाणत्या परीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी हाच खरा गुण, बाकी सगळी मोजमापातली चूक, असं त्याचं म्हणणं. १९१३ साली अमेरिकेत भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे धाडण्यात आली. परत आलेले गुण २८ पासून ९२ पर्यंत. निबंध नव्हे, भूमिती! एवढं कळूनही गेल्या शतकभरात परीक्षा थांबल्या नाहीत, उलट दशांश वाढले. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ ची, सध्याचं राज्य मंडळ १९६६ चं. मधल्या काळाला इथे हात लावत नाही. निकाल वर्तमानपत्रात बघायचा असे, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

खरी गुंतागुंत झाली ती मंडळं वाढल्यावर. नवी मुंबईत नोड वसत गेले, बदलीच्या नोकरीतली कुटुंबं आली, त्यांच्यासाठी सीबीएसई आणि आयसीएसईच्या शाळा आल्या. ठाण्यात घोडबंदर रोडलाही तेच झालं. ही मुलं दहावीपर्यंत आपापल्या मंडळात सुखाने शिकत आणि अकरावीला राज्य मंडळाच्या कॉलेजच्या एकाच यादीत येऊन पडत. एकाचे ९० आणि दुसऱ्याचे ९० सारखेच का, हा रास्त प्रश्न होता. एसएससीच्या पालकांचं ठाम मत, की त्या मंडळांत गुण सढळ हाताने मिळतात. त्या मंडळांच्या पालकांचं तितकंच ठाम मत, की आमचा अभ्यासक्रम जड. मोजमाप कोणाकडेच नव्हतं.

शासनाने लागोपाठ तीन वर्षं तीन औषधं दिली. २००८ मध्ये पर्सेंटाइलचं सूत्र, म्हणजे आपल्या मंडळातली किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत ते बघून वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणण्याचा प्रयत्न. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. २००९ मध्ये ९०:१० चा कोटा, अकरावीच्या ९० टक्के जागा थेट एसएससीच्या मुलांना. तोही रद्द झाला. मुंबई महानगरात अकरावीचे ऑनलाइन प्रवेश सुरू झाले ते याच वर्षी, त्यामुळे ठाणेकर पालकांच्या डोक्याला एकाच मोसमात दोन ताप झाले. मग २०१० मध्ये आलं बेस्ट ऑफ फाइव्ह. सहापैकी सर्वांत कमी गुणांचा विषय सोडायचा, उरलेल्या पाचांवर टक्केवारी काढायची. जूनमध्ये उच्च न्यायालयाने हेही फेटाळलं. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. तिघांतलं एवढं एकच टिकलं.

तिघांत गणिती दृष्टीने सर्वांत कच्चं कोणतं, असं विचाराल तर तेच. हिशेब सोपा आहे. सहाही पेपर शंभराचे धरा. सहा विषयांच्या सरासरीतून सर्वांत कमी गुण वजा करा आणि फरकाला पाचाने भागा. तेवढे टक्के तुम्हाला फुकट मिळतात. आता नौपाड्यातल्या दोन काल्पनिक मैत्रिणी घ्या. पहिलीला सहाही विषयांत ८०. दुसरीला पाच विषयांत ८६ आणि गणितात ५०. दोघींची बेरीज ४८०, सरासरी ८०. जुन्या पद्धतीत दोघी एका बाकावर. बेस्ट ऑफ फाइव्हनंतर पहिली ८० वरच आणि दुसरी ८६ वर, म्हणजे ३० पायऱ्या पुढे. बक्षीस मिळालं ते हुशारीला नव्हे, विषमतेला. सगळ्या विषयांत सारखं बरं असणं ही एक क्षमता आहे असं तोवर शाळा सांगत आल्या होत्या. इतकंच की दुसरी मुलगी गणित टाकून विज्ञान शाखेच्या यादीत पहिलीच्या वर बसते, आणि तिने नेमकं काय टाकलं हे कटऑफच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

मूळ दुखणं होतं मंडळामंडळांतल्या तुलनेचं. एका मंडळाच्या मुलांचा नावडता विषय काढून टाकला की त्या मंडळाचे टक्के वर सरकतात एवढंच. इथले ९० म्हणजे तिथले किती, हे कोडं होतं तिथेच राहतं. आयसीएसईच्या पालकांची तक्रारही तीच होती, की त्यांना सवलत आणि आमचे मात्र जास्त विषय धरणार. २००८ च्या पर्सेंटाइलने निदान प्रश्न तरी बरोबर विचारला होता. त्यातही खोट होती. पर्सेंटाइलने दोन मंडळं जुळवायची तर दोन्हीकडची मुलं एकंदरीत सारख्या तयारीची आहेत असं गृहीत धरावं लागतं. मुरबाड-शहापूरच्या आश्रमशाळेपासून नौपाड्यापर्यंत सगळे एसएससीत, आणि दुसऱ्या मंडळात बहुतेक पगारदार घरं, असं असताना हे गृहीतक टिकत नाही. त्यावर उपाय एकच, दोन्हीकडच्या मुलांना काही समान प्रश्न द्यायचे आणि त्यावरून पट्टी लावायची. शैक्षणिक मोजमापाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात हे सापडतं. पण पाच विषयांची बेरीज वडापावच्या गाडीवरही करता येते, आणि बेस्ट ऑफ फाइव्हने एसएससीच्या कोणत्याच मुलाचे टक्के कमी होत नाहीत. ज्याचा क्रमांक घसरला त्याला तो कशामुळे घसरला हे कळतही नाही. असा निर्णय कोण बदलणार?

गंमत अशी, की न्यायालयातून परत आलेलं पर्सेंटाइल पाचच वर्षांत देशपातळीवर मागच्या दाराने आत आलं. २०१३ पासून जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होतं आणि ते गुण मंडळांनुसार पर्सेंटाइलनेच जुळवले जात. २०१७ पासून ते वजन काढून टाकलं. २०१९ पासून राज्याच्या सीईटीचा निकालही पर्सेंटाइलमध्ये लागतो. आता वाशीच्या कट्ट्यावरचे काका ९८.७ पर्सेंटाइल म्हणजे काय हे कोणालाही समजावून सांगतात, बहुतेकदा चुकीचं.

इतर मंडळांचीही आकडेमोड काही धुतल्या तांदळाची नव्हती. सीबीएसईने २०१० पासून काही वर्षं दहावीला श्रेणी दिल्या. टक्के हवे असतील तर सीजीपीएला, म्हणजे दहापैकी काढलेल्या श्रेणींच्या सरासरीला, ९.५ ने गुणा, असा नियम. हे साडेनऊ आले कुठून? ९१ ते १०० गुण मिळवणाऱ्यांची आधीच्या पाच वर्षांची सरासरी ९५ आली होती, तिला दहाने भागलं. त्यामुळे वरच्या टोकाची सगळी मुलं ९५ वर एकत्र गोठली, आणि अकरावीच्या यादीत शेजारी एसएससीची ९५.२० वाली मुलगी. २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याने आयसीएसईच्या निकालाचा आलेख काढला तर ८१, ८२, ८४, ८५ असे कित्येक गुण देशभरात कोणालाच मिळालेले नव्हते. मॉडरेशनच्या, म्हणजे तपासलेले गुण मंडळाने नंतर जुळवून घेण्याच्या, चाळणीत आकडेच्या आकडे गळाले होते.

एसएससीचा आलेख मग दर वर्षी वेगळ्याच कारणाने हलत राहिला. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढले आणि राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० वर आला. एका वर्षात मुलं एकाएकी ढ झाली नव्हती, तोंडीचे गुण गेले होते. दुसऱ्या मंडळांचेही अंतर्गत गुण वगळा अशी मागणी लगेच उठली. त्याऐवजी आपलेच परत आणले गेले. २०२० मध्ये कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, बाकीच्या विषयांच्या सरासरीने भूगोलाचे गुण पडले. निकाल ९५.३० टक्के. सह्याद्रीच्या घाटांची नावं न लिहिता भूगोलात नव्वदच्या वर गेलेली ही पहिली पिढी. २०२१ मध्ये परीक्षाच नाही, निकाल ९९.९५ टक्के आणि शंभर टक्के मिळवणारे ९५७.

त्या वर्षी प्रथमच सर्व मंडळांच्या मुलांना समान पेपर देण्याची वेळ आली होती. अकरावीसाठी सीईटी २१ ऑगस्टला ठरली. पण पेपर राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर, त्यामुळे पट्टी पुन्हा एकाच बाजूची. उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला ती रद्द केली. प्रवेश झाले ते त्या फुगलेल्या टक्क्यांवरच, अर्थात बेस्ट ऑफ फाइव्हने. २०२५ पासून ऑनलाइन प्रवेश राज्यभर गेले, सूत्र तेच.

सीबीएसईने २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा ठेवली आहे. फेब्रुवारीची सक्तीची, मेची ऐच्छिक, तीन विषयांपर्यंत गुण सुधारता येतात आणि दोनपैकी जास्त असतील ते धरायचे. दोन मोजमापांतलं मोठं उचललं की त्यातली नशिबाची चूकही वरच्याच बाजूची उचलली जाते, हे १८८८ च्या त्या अर्थशास्त्रज्ञाला चटकन कळलं असतं. ठाण्याच्या यादीत आता पाचपैकी पाच, सहापैकी पाच आणि दोनपैकी एक हे तिन्ही एकाच रकान्यात येतील.