नाकेबंदी आणि व्यापारबंदी: अडकलेल्या नागरिकांपर्यंत मदत पोहोचण्याच्या दोन वेगळ्या वाटा

ऑगस्ट १९५५ मध्ये गोव्याच्या सरहद्दीवर पोर्तुगिजांनी सत्याग्रहींवर गोळीबार केला आणि त्यानंतर भारताने गोव्याशी असलेले दळणवळण तोडले. कॅसलरॉकहून घाट उतरून कुळ्याला जाणारी रेल्वे थांबली, माल नेण्यास मनाई झाली आणि पैसे पाठवण्यावरही बंदी आली. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होते. खानापूर-लोंढ्याकडच्या जुन्या पिढीत त्या काळाचा उल्लेख आजही ‘गोव्याची नाकेबंदी’ असाच होतो आणि इतिहासाच्या पुस्तकांतही ‘आर्थिक नाकेबंदी’ हेच शब्द सापडतात. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मापाने पाहिले तर ती व्यापारबंदी होती. भारताने आपला माल, आपली वाट आणि आपला पैसा रोखला होता, पण समुद्र अडवला नव्हता. मुरगाव बंदरातून लोहखनिज जपानला जात राहिले, हॉलंडचे बटाटे आणि पाकिस्तानचा तांदूळ येत राहिला आणि त्याच सुमारास दाबोळीचा विमानतळही उभा राहिला. खरी झळ बसली ती मुंबईतल्या नोकरदाराच्या मनीऑर्डरीवर चूल पेटणाऱ्या घरांना, कारण तो पैसा दुसऱ्या कोणत्याही बंदरातून येणार नव्हता.

व्यापारबंदी लादणारा देश स्वतःच्या कक्षेतला व्यवहार थांबवतो. तिसऱ्या देशाने माल विकला तर तो सहसा त्याला हात लावत नाही. नाकेबंदीत मात्र कोणाचेही जहाज असो, ते बंदराला लागू दिले जात नाही आणि त्यासाठी बळ वापरण्याची तयारी असते. म्हणूनच नाकेबंदी ही युद्धाची कृती मानली जाते. ती प्रत्यक्षात अमलात आणता आली पाहिजे, नुसती कागदावर जाहीर करून चालणार नाही, हा नियम १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यापासून चालत आला आहे. एकाच देशाच्या वाट्याला एकाच वर्षी दोन्ही प्रकार आल्याचे उदाहरण म्हणजे क्यूबा. अमेरिकेने फेब्रुवारी १९६२ मध्ये घातलेली व्यापारबंदी आजही चालू आहे, तर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरमाराने घातलेला वेढा क्षेपणास्त्रांचा पेच सुटताच महिन्याभरात उठला. त्या वेढ्याला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी मुद्दामच ‘क्वारंटाइन’ म्हटले, कारण नाकेबंदी म्हटले की युद्ध पुकारल्यासारखे होते.

नागरिकांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण दोन्ही ठिकाणी मदत वेगवेगळ्या जागी अडते. व्यापारबंदीत ती बहुधा कागदावर आणि बँकेत अडते. इराकचे उदाहरण घ्यावे. कुवेतवरील आक्रमणानंतर सुरक्षा परिषदेने ६ ऑगस्ट १९९० रोजी ठराव ६६१ संमत केला, त्यात औषधे आणि मानवतावादी परिस्थितीत अन्नधान्य वगळलेले होते. वाचताना ही सवलत पुरेशी वाटते. परंतु तेल विकता येत नव्हते, परदेशातील खाती गोठवलेली होती आणि त्यामुळे वगळलेली औषधे विकत घ्यायलाच पैसा नव्हता. पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनसारख्या वस्तूही शस्त्रनिर्मितीला उपयोगी पडतील, या शंकेने सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीपुढे रखडत. एप्रिल १९९५ च्या ठराव ९८६ ने तेलाच्या बदल्यात अन्न ही योजना मान्य केली, पण तेल निघायला डिसेंबर १९९६ आणि धान्याची पहिली खेप पोहोचायला मार्च १९९७ उजाडला. पुढे मध्य आणि दक्षिण इराकमध्ये सरकारी रेशनच्या यंत्रणेतून पीठ, तांदूळ, साखर, चहा आणि तेल वाटले गेले. (इराककडे जाणारी जहाजे अडवण्यासाठी ठराव ६६५ ने आरमारालाही मुभा दिली होती, त्यामुळे दोन्ही प्रकारांमधली रेषा प्रत्यक्षात नेहमीच इतकी स्वच्छ राहत नाही.)

या अनुभवातून सुधारणा झाली, पण फार उशिरा. डिसेंबर २०२२ मध्ये ठराव २६६४ ने संयुक्त राष्ट्रांच्या मालमत्ता गोठवण्याच्या सर्व निर्बंधांतून मानवतावादी मदतीला सूट दिली. दहशतवादी संघटना या सवलतीचा गैरफायदा घेतील, या कारणास्तव भारत त्या मतदानात तटस्थ राहिला. ती भीती निराधार नव्हती, हे मान्य करूनही, सूट नसताना बँका मदत संस्थांचे वैध व्यवहारही नाकारतात, ही अडचण मला अधिक मोठी वाटते.

नाकेबंदीत परवाना मिळाला तरी प्रश्न सुटत नाही, कारण तेथे प्रत्यक्ष वाटच दुसऱ्याच्या हातात असते. सागरी युद्धाचे नियम मांडणाऱ्या १९९४ च्या सॅन रेमो नियमावलीनुसार केवळ नागरिकांची उपासमार करण्यासाठी घातलेली नाकेबंदी बेकायदेशीर ठरते. लोकांना पुरेसे अन्न मिळत नसेल तर नाकेबंदी करणाऱ्याने अन्नाला वाट देणे बंधनकारक आहे. मात्र मालाची झडती घेण्याचा आणि वाटपावर रेडक्रॉससारख्या निःपक्षपाती संस्थेची देखरेख असावी, अशी अट घालण्याचा अधिकार त्याला राहतो. सगळा वाद या झडतीपाशी येऊन थांबतो. इस्रायलने नाकेबंदी केलेल्या गाझाच्या केरेम शालोम नाक्यावर एका बाजूच्या ट्रकमधला माल उतरवतात, तपासतात आणि दुसऱ्या बाजूच्या ट्रकमध्ये पुन्हा चढवतात. चोर्ला घाटाने रोज गोव्यात उतरणारी बेळगावची भाजी अशा रीतीने दोनदा हाताळून एखादा दिवस उन्हात थांबवली, तर तिचे काय होईल, हे इथल्या व्यापाऱ्यांना सांगायला नको.

यादी कशी लिहिली आहे, यावरही बरेच अवलंबून असते. जून २०१० पर्यंत गाझात फक्त परवानगी असलेल्या वस्तूच जाऊ शकत. ‘गिशा’ या इस्रायली संघटनेने प्रसिद्ध केलेल्या यादीनुसार अडवलेल्या मालात कोथिंबीर आणि वेलदोडासुद्धा होता. गाझाकडे निघालेल्या जहाजांवर त्याच वर्षी ३१ मे रोजी इस्रायलने केलेल्या कारवाईनंतर जगभर टीका झाली, तेव्हा नियम उलटा करण्यात आला आणि बंदी असलेल्या वस्तूंची यादी करून बाकी सारे मोकळे करण्यात आले. एका फेरफाराने अनेक जिन्नस सुटले, तरी सिमेंट आणि लोखंड अडलेलेच राहिले. ऑक्टोबर २०२३ नंतर परिस्थिती पुन्हा पालटली, आणि मार्च ते मे २०२५ या काळात तर अन्नासह कोणताही माल सुमारे ११ आठवडे आत गेला नाही. त्याच वर्षी २२ ऑगस्ट रोजी गाझा शहर असलेल्या विभागात दुष्काळ असल्याचे अन्नसुरक्षेचे मोजमाप करणाऱ्या ‘आयपीसी’ यंत्रणेने जाहीर केले.

मदतीचे ट्रक मोजून नाकेबंदीची तीव्रता ठरवणेही फसवे असते. येमेनला गव्हाचा बहुतेक पुरवठा परदेशातून होतो आणि तो प्रामुख्याने व्यापारी जहाजांतून येतो. म्हणून २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जिबूतीत व्यापारी जहाजांच्या तपासणीची यंत्रणा सुरू केली, जेणेकरून होदेदा बंदराकडे जाणारा माल शस्त्रांच्या संशयाने रखडू नये. नोव्हेंबर २०१७ मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने येमेनची बंदरे बंद केली तेव्हा इंधन संपत आले आणि शहरांतले पाण्याचे पंप थांबले. कॉलऱ्याची साथ आधीच पसरलेली असताना हे घडले.