‘बरं आहे’ या उत्तराचं काय करायचं?

१९४४ साल. बंगालच्या भीषण दुष्काळातून लोक अजून पुरते सावरलेले नव्हते. कोलकात्याजवळच्या सिंगूर भागात ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ’ या संस्थेने एक पाहणी केली. लोकांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं. विधुरांपैकी ४८.५ टक्के लोक म्हणाले, आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे. विधवांमध्ये हे प्रमाण निघालं २.५ टक्के. त्यातलाही ‘यथातथा’चा रकाना वेगळा काढला, तर विधुर ४५.६ टक्के आणि विधवा शून्य. एकही नाही.

आता त्या काळच्या बंगाली विधवेचं जगणं आठवा. उच्चवर्णीय घरात तर मासे वर्ज्य, उपासतापास भरपूर, आणि घरात सगळ्यात शेवटी जेवायचं. तब्येत उत्तम असण्याचं काही कारणच नव्हतं. पण आपली तब्येत ‘यथातथा’ आहे असं म्हणायला आधी ती चांगली असू शकते, असायला हवी, असं वाटावं लागतं. ते वाटण्याची सोय त्या बायकांना नव्हती.

अमर्त्य सेन यांनी ही आकडेवारी पुढे अनेकदा मांडली आणि २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तिच्या जोडीला आणखी एक कोडं ठेवलं. केरळमधली माणसं बिहारमधल्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त जगतात. पण ‘आजारी आहात का’ असं विचारलं की ‘हो’ म्हणणारे केरळमध्येच जास्त. अमेरिकेत तर केरळपेक्षाही जास्त. निव्वळ लोकांच्या उत्तरांवर गेलं, तर बिहार सगळ्यात ठणठणीत ठरेल आणि अमेरिका सगळ्यात दुखणाईत! ज्याला शाळा मिळाली, दवाखाना जवळ आहे, त्याला आपल्याला काय होतंय ते कळतं आणि सांगताही येतं. ज्याला यातलं काहीच मिळालं नाही, तो ‘बरं आहे’ म्हणून मोकळा होतो.

मग लोकांना विचारण्यात अर्थच नाही का? काही तज्ज्ञ या टोकाला जातात आणि फक्त तपासणीचे आकडे धरून बसतात. मला ते पटत नाही. गडचिरोलीत जे झालं, ते या वादावरचं चांगलं उत्तर आहे.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तिथल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभर गाजला. दवाखान्यात आलेल्या बायका मोजण्याची तेव्हा रीत होती. इथे गावातल्याच बायकांना विचारलं आणि तपासलंही. स्त्रीरोगाची काही ना काही तक्रार सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के. तपासणीत आजार सापडला ९२ टक्क्यांमध्ये. एकीला सरासरी ३.६ आजार. आणि याआधी स्त्रीरोगाची तपासणी आणि उपचार झालेल्या किती? ८ टक्के.

या तीन आकड्यांमधली अंतरं नीट बघावीत. ५५ आणि ९२ यांच्यामधल्या बायकांना आपल्याला काही झालंय याचा पत्ता नव्हता, किंवा अंगावरून जाणं, कंबर धरणं हे बाईच्या जातीला असायचंच असं त्यांनी धरून ठेवलं होतं. ५५ आणि ८ यांच्यामधल्यांना दुखतंय हे ठाऊक होतं, विचारल्यावर त्यांनी ते सांगितलंही, पण तोवर त्यांना विचारायला कोणी आलंच नव्हतं. सरकारी यंत्रणेचं बायकांच्या बाबतीतलं लक्ष त्या काळात कुटुंबनियोजन आणि बाळंतपण एवढ्यावरच होतं. नुसती तपासणी केली असती तर दुसरं अंतर दिसलं नसतं, आणि नुसते प्रश्न विचारले असते तर पहिलं.

दवाखान्याच्या दारात उभं राहून ‘तुम्ही समाधानी आहात का?’ असं विचारणाऱ्या पाहण्यांबद्दल मात्र माझं मत फारसं चांगलं नाही. सरकारी असो की खासगी, ‘८० टक्क्यांहून जास्त रुग्ण समाधानी’ अशी वाक्यं अहवालात इतक्या सहज येतात की वाचणाऱ्याने सावध व्हावं. उद्या परत त्याच सिस्टरकडे इंजेक्शन घ्यायचं असताना तोंडावर वाईट कोण बोलेल? शिवाय प्रश्न कसा घातला यावरही उत्तर हलतं. नायजेरियात संशोधकांनी हे तपासून पाहिलं. काही रुग्णांपुढे चांगलं विधान ठेवलं, म्हणजे ‘इथले कर्मचारी आदराने वागतात, पटतं का?’ अशा धर्तीचं, आणि काहींपुढे तेच उलटं करून. उलट्या विधानांमुळे काही मुद्द्यांवर समाधानी रुग्णांच्या टक्केवारीत १९ अंकांपर्यंत घट झाली. दवाखाना तोच, डॉक्टर तेच. माणसाला ‘हो’ म्हणायची सवय असते, एवढंच.

स्मरणशक्तीचा घोळ तर याहून वाईट, कारण तो सगळ्यांचा सारखा होत नाही. आपल्याकडच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१७-१८ मधल्या ७५ व्या फेरीत शिक्षण आणि आरोग्य या दोन्हींवर घरोघरी प्रश्न विचारले होते. त्यात दवाखान्यात दाखल झाल्याचा हिशेब मागच्या ३६५ दिवसांचा, आणि बाकीच्या दुखण्यांचा मागच्या १५ दिवसांचा. हे आकडे ठरवण्यामागे बरीच डोकेफोड असते. ती का करावी लागते, हे जिष्णू दास, जेफ्री हॅमर आणि कॅरोलिना सांचेझ-पारामो या अर्थतज्ज्ञांच्या दिल्लीतल्या अभ्यासात दिसतं. तिथे काही वेळा लोकांना दर आठवड्याला विचारलं आणि काही वेळा एकदम महिन्याचं विचारलं. महिन्याचं विचारल्यावर आजारपणं आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्या दोन्ही कमी भरल्या, आणि गरिबांच्या बाबतीत ही गळती श्रीमंतांपेक्षा बरीच जास्त होती. इतकी, की निष्कर्षच उलटा झाला. महिन्याच्या हिशेबात श्रीमंत डॉक्टरांकडे जास्त जातात असं दिसलं, आठवड्याच्या हिशेबात गरीब.

अंगात कणकण असताना कामावर जाणं हा ज्याचा रोजचाच भाग आहे, त्याला तीन आठवड्यांपूर्वीचा ताप लक्षात ठेवण्यासारखा वाटत नाही. ‘गरीब लोक डॉक्टरकडे जातच नाहीत, त्यांच्यात जागृती हवी’ असं ठासून सांगणाऱ्यांनी आपला आकडा किती दिवसांच्या आठवणीवर उभा आहे, हे एकदा तपासावं.

आठवणीचा आणि भिडेचा प्रश्न टाळायचा एक नामी उपाय म्हणजे रुग्णच आपला पाठवायचा. दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण मध्य प्रदेशात आणि दिल्लीत हे केलं. त्याच भागातली साधी माणसं निवडली आणि त्यांना तोतया रुग्ण म्हणून तयार केलं. एकाने जाऊन सांगायचं, ‘डॉक्टरसाहेब, आज सकाळी छातीत दुखलं.’ दुसऱ्याने दम्याचं, ‘काल रात्री श्वास घ्यायला फार त्रास झाला.’ तिसऱ्याने घरी असलेल्या लहान मुलाच्या जुलाबांचं. पुढचं आपणहून काही बोलायचं नाही. डॉक्टरांनी विचारलं, तर ठरलेलं उत्तर द्यायचं. कुठे दुखतं, किती वेळ, हातात कळ जाते का, विडी ओढता का, सगळ्याची उत्तरं पाठ. पात्राचं नाव, गाव, धंदा, घरात कोण कोण हेही पक्कं. इंजेक्शन मात्र काहीतरी सबब सांगून टाळायचं. समोरचा रुग्ण तोतया आहे हे डॉक्टरांना ठाऊक नसे. बाहेर पडल्यावर तासाभरात डॉक्टरांनी काय विचारलं, नाडी बघितली का, कोणत्या गोळ्या दिल्या, याची एकेक नोंद होई. पकडले गेलेले तोतये अगदी विरळा.

२०१२ मध्ये आलेले निष्कर्ष धक्कादायक होते. मध्य प्रदेशातल्या भेटी सरासरी साडेतीन मिनिटांच्या आसपास आटोपल्या. पाहणीतल्या ६७ टक्के ‘डॉक्टरां’कडे वैद्यकीय पदवीच नव्हती, आणि जे विचारायला हवं ते विचारण्यात पदवीवाले आणि बिनपदवीवाले यांच्यात फारसा फरक सापडला नाही. अचूक निदान हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं.

हीच पद्धत पुढे क्षयरोगासाठी मुंबई आणि पाटण्यातल्या खासगी डॉक्टरांकडे वापरली गेली. २,६०० हून जास्त भेटी. थुंकीची तपासणी किंवा एक्स-रे सांगणं, किंवा योग्य ठिकाणी पाठवणं, एवढी साधी अपेक्षा होती. ती साधारण ३५ टक्के भेटींत पूर्ण झाली. बाकीच्यांनी हाती काय दिलं? बहुतेक वेळा खोकल्याचं औषध, अँटिबायोटिक, चार रंगीत गोळ्या. यातल्या कितीतरी भेटींनंतर खरा रुग्ण ‘डॉक्टर चांगले आहेत हो, आपुलकीने बोलतात’ असंच सांगेल. तो खोटं बोलत नसेल. पण आपुलकी त्याला कळते, थुंकीची तपासणी राहून गेली हे त्याला कसं कळणार?

शाळेचंही नेमकं हेच दुखणं आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईवडिलांना विचारलं की तुमच्या मुलाला कितपत वाचता येतं. मग मुलांना वाचायला दिलं. आईवडिलांचा अंदाज वस्तुस्थितीपेक्षा बराच चढा निघाला. मूल रोज दप्तर घेऊन जातं, वहीत काही उतरवून आणतं, वर्षाच्या शेवटी वरच्या वर्गात जातं. स्वतः शाळा न पाहिलेल्या आईने आणखी काय तपासायचं?

म्हणून मुलांना वाचता येतं का हे तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीची रीत मला आवडते. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने ती २००५ पासून चालवली आहे. पाहणी करणारे मुलाला शाळेत नाही, घरी गाठतात, कारण त्या दिवशी शाळेत न गेलेलं मूलही त्यात यायला हवं. ओसरीवर बसून मुलाच्या हातात एक कागद देतात. आधी पहिलीच्या पातळीचा परिच्छेद. तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. नाही जमला तर सुटे शब्द, तेही नाही तर अक्षरं. आई दारात उभी असते, आजी कान देऊन ऐकत असते, शेजारची पोरं मध्येमध्ये उत्तर सांगायला बघतात. अहवालात पुढे टक्केवारी येते. २०२४ मध्ये ग्रामीण भारतात तिसरीतल्या २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पण त्या ओसरीवर, अनेक घरांत पहिल्यांदाच, आपल्या मुलाला वाचता येत नाही हे घरच्यांच्या कानावर पडलेलं असतं.

शाळेच्या अनुभवाचा एक भाग मात्र असा आहे, की तो ना आईवडील सांगतात ना मुलं. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. नावगाव न विचारता दिली, तेव्हा तथाकथित वरच्या आणि खालच्या जातींच्या मुलांनी सारखीच सोडवली. मग दुसऱ्या गटांत सुरुवातीलाच सगळ्यांसमोर प्रत्येक मुलाचं नाव, वडिलांचं, आजोबांचं नाव आणि जात वाचून दाखवली. तेवढ्याने दलित मुलांची सुटलेली कोडी साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाली. कोडी तीच, मुलंही त्याच गावांमधली. ‘शाळेत तुला कधी वाईट वागणूक मिळाली का?’ या प्रश्नाला यातली बरीच मुलं ‘नाही’ म्हणाली असती, असं मला वाटतं.

महाराष्ट्रात २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे अशा पाच जिल्ह्यांपासून, पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेच्या समन्वयाने. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्यसेवेचं प्रगतिपत्रक भरायचं, हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा द्यायचा, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचं. त्यातले प्रश्न समाधानाचे नव्हते, घडलेल्या गोष्टींचे होते. नर्सबाई गावात आल्या का? औषध बाहेरून आणायला सांगितलं का? पैसे मागितले का? जिथे काम नेटाने चाललं, तिथे पुढच्या फेऱ्यांमध्ये लाल शेरे कमी होत गेले.

काटेकोर संशोधक याला नाक मुरडतील, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. बैठकीला येणारेच बोलतात, वस्तीवरची बाई मागेच बसते, आणि पुढच्या वेळचा हिरवा शेरा सेवा सुधारल्याचा की साहेब समोर बसल्याचा, हे सांगणं अवघड. तोतया रुग्णाच्या नोंदीला ही अडचण नाही. पण तोतया रुग्ण नोंद करून आपल्या घरी जातो. प्रगतिपत्रक भरणाऱ्याला पुढच्या महिन्यात त्याच आरोग्य केंद्रात खरं बाळंतपण न्यायचं असतं, आणि पैसे मागायचे नाहीत हे तिथल्या माणसाला आता चारचौघांत सांगून झालेलं असतं.